अद हलोम : चार विमाने, एक पूल आणि बाकीचे सारे

तेल अवीवहून आगगाडीने अश्दोदला येणाऱ्या आपल्या वाचकांना एक नाव तोंडपाठ आहे : अद हलोम. रेल्वे स्टेशनचे नाव तेच, शेजारच्या चौकाचेही तेच. लग्नाला, मलिद्याला किंवा बारशाला येणाऱ्या पाहुण्यांना आपण फोनवर सांगतो, "अद हलोमला उतरा, घ्यायला येतो." शब्दाचा अर्थ साधा आहे : 'इथपर्यंत'. कोण इथपर्यंत आले होते, आणि त्यांना पुढे कोणी जाऊ दिले नाही, हे मात्र आपल्या घरांतल्या तरुण मुलांना विचारले तर बहुधा एकच वाक्य ऐकू येते : "चार विमानांनी मिस्री फौज अडवली."

हे वाक्य खोटे नाही, पण पुरतेही नाही. आमची बहुतेक कुटुंबे १९४८ साली मुंबईत, पुण्यात, ठाण्यात नाहीतर कोकणात होती. आम्ही या देशात आलो तेव्हा ती लढाई होऊन गेली होती आणि तिची दंतकथाही तयार झाली होती. शाळेत मुलांनी ती जशी ऐकली तशी घरी आणली. म्हणून या लेखात आम्ही त्या हवाई लढाईची हकीकत सुरुवातीपासून सांगायचे ठरवले आहे. त्यातली माणसे नीट पाहिली, तर आपल्या बेने इस्राएल समाजालाही तीत ओळखीचे काही सापडते.

प्रथम त्या वेळची परिस्थिती. नोव्हेंबर १९४७ मध्ये हगानाने आपली 'शेरूत अवीर', म्हणजे हवाई सेवा, उभी केली. तिच्याकडे लढाऊ विमान एकही नव्हते. होती ती हलकी, एका इंजिनाची विमाने. त्यांतली बरीचशी ऑस्टर जातीची. ब्रिटिशांनी भंगारात काढलेली ही विमाने विकत घेऊन, एकाचे भाग दुसऱ्याला लावून उडती केलेली. त्यांच्या इंजिनाचा आवाज स्टोव्हसारखा, म्हणून लोक त्यांना 'प्रिमुस' म्हणत. आपल्या आया-आज्यांनी ज्या प्रिमसवर भात रांधला, तेच हे नाव. वेढ्यात सापडलेल्या वस्त्यांना औषधे, टपाल आणि काडतुसे पोचवणे हे या प्रिमुसांचे काम. बॉम्ब टाकायचा असला, तर वैमानिकाच्या शेजारी बसलेला माणूस तो मांडीवर घेऊन बसे आणि दारातून हाताने खाली सोडे.

१४ मे १९४८, शुक्रवारी दुपारी चार वाजता तेल अवीवमध्ये राष्ट्राची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्री हवाई दलाची स्पिटफायर विमाने तेल अवीववर आली. स्दे दोवच्या विमानतळावरची विमाने जमिनीवरच मोडली. १८ मे रोजी शहराच्या मध्यवर्ती बस स्थानकावर बॉम्ब पडले आणि चाळीसहून अधिक माणसे ठार झाली. बसची वाट पाहत उभी असलेली साधी माणसे होती ती. शहराला विमानविरोधी तोफा जवळजवळ नव्हत्याच, आणि आकाशात आपले म्हणावे असे कोणी नव्हते. शत्रूचे विमान येई, निवांत घिरट्या घाली, बॉम्ब टाकी आणि परत जाई.

विमाने विकत घ्यावीत तर विकणार कोण? अमेरिकेने डिसेंबर १९४७ मध्येच मध्यपूर्वेत शस्त्रे पाठवण्यावर बंदी घातली होती. ब्रिटन तर मिसर, इराक आणि जॉर्डनला करारांनी बांधलेला होता. अशा वेळी अल श्विमर नावाच्या एका अमेरिकन यहुदी विमान-इंजिनियराने लढाईनंतर स्वस्तात निघालेली मोठी मालवाहू विमाने खरेदी करायला सुरुवात केली. ती देशाबाहेर काढण्यासाठी पनामामध्ये एक विमान कंपनी कागदावर उभी केली आणि विमाने त्या देशाच्या नावाने उडवली. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा होता आणि श्विमरला ते पुरते ठाऊक होते.

लढाऊ विमाने मिळाली ती चेकोस्लोवाकियात. एप्रिल १९४८ च्या अखेरीस दहा आव्हिया एस-१९९ विमानांचा सौदा झाला आणि पुढे आणखी पंधरांचा. सुट्या भागांसह आणि शस्त्रांसह एका विमानाची किंमत १,९०,००० डॉलर, म्हणजे त्या काळी अवाच्या सवा. विमान तरी कसे? जर्मनांच्या मेसरश्मिटचा सांगाडा, आणि मूळचे इंजिन आगीत जळून गेल्यामुळे त्याच्या जागी बसवलेले बॉम्बफेकी विमानाचे जड इंजिन. अवाढव्य पंख्यामुळे उड्डाण करताना ते एका अंगाला ओढ घेई. उतरताना उलटण्याची भीती. पंख्याच्या पात्यांमधून गोळी झाडणाऱ्या मशीनगनचा मेळ बिघडला, तर वैमानिकाच्या गोळ्या स्वतःच्याच पंख्याला लागत. चेक वैमानिकांनी त्याचे नाव ठेवले होते 'मेझेक', म्हणजे खेचर. आपल्याकडे त्याला 'सकीन', म्हणजे सुरी, असे नाव मिळाले. युरोपातल्या यहुद्यांचा संहार करणाऱ्या राजवटीच्या कारखान्यांत ज्याचा आराखडा झाला, त्याच विमानाच्या पंखांवर आता मागेन दावीद रंगवला जाणार होता.

चेकोस्लोवाकियातल्या झातेत्स गावच्या धावपट्टीवरून ही विमाने सुटी करून, पंख वेगळे आणि धड वेगळे, मोठ्या मालवाहू विमानांच्या पोटात घालून आणली गेली. या कामगिरीला नाव होते 'बालाक'. पाराशा बालाक आपण दर वर्षी सिनेगॉगमध्ये ऐकतो. मवाबचा राजा बालाक बेन सिप्पोर. आणि सिप्पोर म्हणजे पक्षी. २० मे रोजी पहिले विमान एक्रोनच्या तळावर उतरले. एक्रोन म्हणजे रेहोवोतजवळचा आजचा तेल नोफ. हँगरमध्ये चेक मेकॅनिकांच्या हाताखाली रात्रंदिवस जोडणी सुरू झाली.

इकडे जमिनीवर मिस्री फौज समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने गाझ्याहून उत्तरेकडे निघाली होती. तिच्या वाटेत किबुत्झ याद मोर्दखाय होते. वॉर्सा घेट्टोच्या उठावाचा पुढारी मोर्दखाय अनिलेविच याच्या नावाने वसलेली ही छोटी वस्ती. १९ मेपासून २४ मेपर्यंत तिथल्या मूठभर लोकांनी तोफांच्या माऱ्याखाली फौज रोखून धरली, आणि अखेर रात्रीच्या अंधारात त्यांना वस्ती सोडावी लागली. वस्ती गेली, पण ते पाच दिवस हाती लागले. याच पाच दिवसांत एक्रोनच्या हँगरमध्ये विमानांचे पंख धडाला जोडले जात होते. विमानांची गोष्ट सांगताना याद मोर्दखाय वगळले, तर हिशेब चुकतो.

दुसरी गोष्ट पुलाची. अश्दोदजवळ, तेव्हाच्या इस्दूद गावाच्या उत्तरेला, लाखिश नदीवर एक पूल होता. मिस्री फौज सरहद्द ओलांडण्याच्या दोन-तीन रात्री आधीच गिवाती ब्रिगेडच्या सैनिकांनी तो सुरुंगाने उडवला होता. २९ मे रोजी मिस्री ताफा इस्दूदला पोचला आणि मोडक्या पुलापाशी थांबला. शेकडो वाहने, दोन हजारांहून अधिक सैनिक. तेल अवीव तिथून आजच्या आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर.

त्या दिवशी एक्रोनवर चार विमाने जोडून तयार होती. मूळ बेत होता दुसऱ्या दिवशी पहाटे एल अरीशच्या विमानतळावर अचानक झडप घालून मिस्री विमाने जमिनीवरच मोडण्याचा. बेत उत्तम होता, कारण शत्रूला या विमानांचा पत्ताच नव्हता. पण गिवातीचा सेनापती शिमोन अविदान याने निकडीचा निरोप पाठवला : ताफा पुलाशी आहे, आजच या. बेत बदलला.

शनिवारी संध्याकाळी चौघे विमानांत बसले. लू लेनार्ट हा हंगेरीत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत गेलेला आणि पॅसिफिकमध्ये अमेरिकन मरीन दलाकडून लढलेला वैमानिक. लढाईचा अनुभव सर्वांत जास्त, म्हणून नेतृत्व त्याच्याकडे. मोदी अलोन हा सफेदचा, ब्रिटिश हवाई दलात काम करून आलेला आणि हैफाच्या तेखनियोनमध्ये वास्तुकला शिकणारा. एझेर वाइझमान हा तेल अवीवचा, तोही ब्रिटिश हवाई दलातला, आणि त्या नोकरीत हिंदुस्थान पाहून आलेला. चौथा एडी कोहेन, दक्षिण आफ्रिकेचा. ही विमाने जोडल्यापासून एकदाही उडवून पाहिली नव्हती. तालमीला उडवली असती तर गुपित फुटले असते. म्हणजे पहिले उड्डाण तीच पहिली लढाई. प्रत्येकाकडे सत्तर किलोचे दोन बॉम्ब. एकमेकांशी बोलायला रेडिओ नाही. लेनार्टला तर हा मुलूखच नवा. इस्दूद कुठले हे त्याला ठाऊक नव्हते आणि अलोनने हाताने खूण करून दाखवले, असे तो पुढे सांगत असे.

एक्रोनहून इस्दूद विमानाला काही मिनिटांची वाट. खाली ट्रकांची, चिलखती गाड्यांची आणि सैनिकांची दाटी. चौघांनी एकामागून एक सूर मारून बॉम्ब टाकले, मग गोळीबार केला. बंदुका थोड्याच वेळात अडकल्या. खालून भरपूर मारा झाला. एडी कोहेन परत आला नाही. त्याचे विमान हत्झोरच्या बाजूला कोसळले. अलोनचे विमान उतरताना मोडले. चार गेली, त्यांतली दोनच पुन्हा उडण्याजोगी परतली.

आता हिशेब मांडू. आठ लहान बॉम्ब आणि अडकणाऱ्या बंदुका यांनी एवढ्या मोठ्या ताफ्याचे नुकसान ते किती होणार? थोडेच झाले. पण आकाश आपलेच आहे असे धरून चाललेल्या फौजेवर प्रथमच लढाऊ विमाने तुटून पडली होती. ती किती आहेत, कुठून आली, उद्या किती येतील, याचा तिला अंदाज नव्हता. फौज पांगली, तिने खंदक खोदले आणि ती तिथेच बसली. २ जूनच्या रात्री गिवाती आणि इतर तुकड्यांनी 'प्लेशेत' नावाच्या कारवाईत तिच्यावर जमिनीवरून हल्ला केला. तो हल्ला फसला आणि आपल्या बाजूचे बरेच तरुण त्यात पडले. तरी मिस्री फौज त्या पुलापलीकडे कधीच गेली नाही.

इथे इतिहासकारांचा एक वाद आहे आणि तो वाचकांपासून लपवू नये. काहींचे म्हणणे असे की मिस्री ताफा तेल अवीव घ्यायला निघालाच नव्हता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या फाळणीच्या नकाशात इस्दूद अरब भागात होते, तिथवर येऊन ठाण मांडण्याचाच त्याचा इरादा होता. दुसरे म्हणतात, रस्ता मोकळा सापडला असता तर इरादे बदलायला वेळ लागला नसता. हा वाद विद्वानांनी चालवावा. आम्हाला एवढे दिसते की त्या संध्याकाळी विमानात बसलेल्या चौघांना शत्रूचा इरादा वाचायची सोय नव्हती. अकरा दिवसांपूर्वी बस स्थानकावर काय झाले ते त्यांना ठाऊक होते. आणि हेही दिसते की 'चार विमानांनी फौज अडवली' म्हणताना पूल उडवणारे सुरुंगवाले, याद मोर्दखायचे शेतकरी आणि प्लेशेतमध्ये पडलेले पायदळाचे सैनिक आपण विसरतो. रेघ ओढणारे हात पुष्कळ होते.

दुसऱ्या दिवशी, ३० मे रोजी, उरलेली दोन विमाने घेऊन वाइझमान आणि मिल्टन रुबेनफेल्ड हे तुलकारेमच्या बाजूला इराकी फौजेवर गेले. रुबेनफेल्ड हा अमेरिकेहून आलेला स्वयंसेवक. त्याच्या विमानाला मारा लागला. समुद्राच्या दिशेने जात त्याने हवाई छत्रीने उडी घेतली आणि कफर वितकिनजवळ उथळ पाण्यात जखमी होऊन पडला. किनाऱ्यावर शेतकरी बंदुका घेऊन धावत आले. आपले लढाऊ विमान असते हेच त्यांना माहीत नव्हते. आकाशातून पडलेला माणूस तो शत्रूच, असे त्यांनी धरले. रुबेनफेल्डला इब्री येत नव्हती. आपण यहुदी आहोत हे पटवायचे कसे? त्याला जे दोन यहुदी शब्द आठवले ते तो ओरडत सुटला : "शाब्बेस! गेफिल्टे फिश!" शब्बाथ आणि मासळी. बंदुका खाली आल्या.

ही हकीकत इथे हसत हसत सांगतात. आम्ही ती प्रथम ऐकली तेव्हा आम्हीही हसलो; मग थबकलो. कारण आपल्या समाजाचीही ओळख याच दोन गोष्टींनी पटली होती. कोकणात शेजारीपाजारी आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आणि परंपरा सांगते की दावीद रहाबी कोकणात आला तेव्हा त्याने आपल्या बायकांपुढे नाना जातींची मासळी ठेवली, आणि त्यांनी पर व खवले असलेली तेवढी निवडून बाकीची बाजूला सारली. त्यावरून त्याने ओळखले की हे इस्राएलचे वंशज. कफर वितकिनच्या किनाऱ्यावर पाण्यात उभा असलेला तो अमेरिकन आणि अलिबागच्या बाजूच्या त्या बाया यांच्यात शेकडो वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर. पुरावा मात्र तोच, शब्बाथ आणि मासळी.

फरक एवढाच की रुबेनफेल्डची परीक्षा दोन शब्दांत संपली. आपली लांबली. या देशात आल्यावरही विवाहाच्या प्रश्नावरून आपल्या वाडवडिलांना यरुशलायिममध्ये धरणे धरून बसावे लागले, आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत हे क्नेसेटमधून स्पष्ट व्हायला १९६४ चा ऑगस्ट उजाडला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना रुबेनफेल्डची गोष्ट निव्वळ विनोदाची वाटणार नाही.

म्हणूनच त्या हवाई दलात कोण कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. अलोनच्या हाताखाली लढाऊ विमानांची पहिली तुकडी उभी राहिली, स्क्वाड्रन १०१. ३ जून रोजी अलोन एकटाच उडाला आणि त्याने तेल अवीववर बॉम्ब टाकायला आलेली दोन मिस्री डाकोटा विमाने पाडली. शहरातल्या लोकांनी ते गच्च्यांवरून पाहिले. त्या दिवसानंतर शत्रूच्या निवांत घिरट्या संपल्या. पण या स्क्वाड्रनमधले बहुसंख्य वैमानिक परदेशी होते. अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन अशा देशांचे. उड्डाणाची भाषा इंग्रजी. परदेशी स्वयंसेवकांना एकत्रितपणे 'माखाल' म्हणत. सगळ्या दलांत मिळून ते सुमारे साडेतीन हजार होते आणि त्यांतले शंभराहून अधिक या देशाच्या मातीत राहिले.

ते सगळेच यहुदी नव्हते. कॅनडाचा जॉर्ज बर्लिंग हा ख्रिस्ती. दुसऱ्या महायुद्धात मॉल्टाच्या आकाशात त्याने इतकी विमाने पाडली की त्याचे नाव जगभर झाले. तो इस्राएलसाठी लढायला निघाला आणि २० मे १९४८ रोजी रोममध्ये त्याचे विमान कोसळून जळाले. त्याच्याबरोबर लेनर्ड कोहेन हा यहुदी वैमानिकही गेला. बर्लिंगला पुढे हैफा इथे आणून पुरले. बोस्टनचा चार्ल्स विंटर्स हा प्रॉटेस्टंट. त्याने तीन बी-१७ बॉम्बफेकी विमाने मिळवून दिली आणि ती अटलांटिकपार करून देण्यातही हात लावला. जुलैच्या मध्यास ही तिन्ही विमाने झातेत्सहून निघाली आणि इस्राएलला उतरण्यापूर्वी वाटेत कैरोवर आणि सिनाईच्या बाजूला बॉम्ब टाकून आली. विंटर्सला याबद्दल अमेरिकेत अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो १९८४ मध्ये वारला, त्याला यरुशलायिममध्ये पुरले आहे, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००८ साली. धावपट्टीवर कोणाची वंशावळ तपासली गेली नाही. माणसाला विमान उडवता येते का, आणि तो उद्या सकाळी हजर असेल का, एवढेच पाहिले गेले.

परतले नाहीत ते कितीतरी. स्क्वाड्रनचे पंख लावलेल्या कवटीचे चिन्ह बॉब विकमन याने काढले. तो लॉस एंजेलिसचा चित्रकार. ९ जुलै रोजी तो उडाला आणि परत आला नाही. त्याचा मित्र आणि या कामातला सोबती स्टॅन अँड्र्यूज ऑक्टोबरमध्ये मारला गेला. चिन्ह आजही विमानांवर आहे. आव्हिया विमानांनी शत्रूपेक्षा स्वतःच्याच वैमानिकांना जास्त छळले. पंचवीस विकत घेतली, पण एका वेळी चार-पाचांहून अधिक क्वचितच उडण्याजोगी असत. शरद ऋतूत चेकोस्लोवाकियाकडून स्पिटफायर मिळाली. त्यांना जादा टाक्या बसवून ती युगोस्लावियामार्गे थेट उडवत आणली. ही युक्ती बसवणारा अमेरिकन इंजिनियर सॅम पोमेरान्स डिसेंबरात युगोस्लावियाच्या डोंगरांत हिमवादळात सापडून गेला.

आणखी एक काम फारसे सांगितले जात नाही. नेगेवमधल्या वस्त्या उन्हाळ्यापासून तुटल्या होत्या, कारण रस्ता मिस्री फौजेच्या ताब्यात होता. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत मालवाहू विमानांनी रात्री-बेरात्री एक्रोनहून रुहामाजवळच्या मातीच्या धावपट्टीवर चारशेहून अधिक फेऱ्या केल्या. धूळ उडवणाऱ्या या कामगिरीचे नावच होते 'अवाक', म्हणजे धूळ. थकलेले सैनिक परत आणले, ताज्या दमाचे नेले, सोबत धान्य, इंधन, दारूगोळा. त्याच्या जोरावर ऑक्टोबरात 'योआव' मोहीम झाली आणि बेअरशेवा हाती आले. बेअरशेवा, दिमोना, येरोहाम इथे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी हे जरूर लक्षात ठेवावे. त्या मोहिमेतच, १६ ऑक्टोबर रोजी, मोदी अलोन हल्ला करून परतताना हर्झलियाच्या धावपट्टीपाशी विमान कोसळून मरण पावला. वय सत्तावीस. अश्दोदवरचा पहिला हल्ला केलेल्या चौघांपैकी दोन जण असे त्याच वर्षी गेले.

उरलेल्या दोघांचे काय झाले? वाइझमान पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला, संरक्षणमंत्री झाला आणि मिसरशी तह करण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९९६ च्या अखेरीस तो इस्राएलचा राष्ट्राध्यक्ष म्हणून भारताच्या भेटीवर गेला. आपल्या राष्ट्राध्यक्षाची ती पहिलीच भारतभेट. लेनार्ट इराकच्या यहुद्यांना इथे आणणाऱ्या विमानांवर वैमानिक होता आणि २०१५ मध्ये रअनानात वारला. अल श्विमरला अमेरिकेच्या न्यायालयाने १९५० मध्ये दोषी ठरवले, दहा हजार डॉलर दंड केला आणि त्याचे नागरी हक्क गेले. ते परत मिळायला २००१ साल उजाडले. पण मधल्या काळात तो इथे आला आणि १९५३ मध्ये त्याने लोदच्या विमानतळावर विमानदुरुस्तीचा कारखाना काढला. नाव 'बेदेक'. तोच पुढे 'तआसिया अवीरित' झाला. लोद-रामले भागातल्या आपल्या किती घरांत या कारखान्याचा पगार आला, हे वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरणीत किंवा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हात बसलेली आपली माणसे तिथे पाना घेऊन उभी राहिली. त्या भंगार विमानांशी आपले खरे नाते जोडले गेले ते इथे.

अद हलोमला आता एकदा गाडीची घाई नसताना जावे. पुलापाशी आपल्या सैनिकांचे स्मारक आहे. जवळच दगडी स्तंभ आहे, मिस्री धाटणीचा. तो तिथे पडलेल्या मिस्री सैनिकांचा आहे. मिसरशी तह झाल्यावर तो उभा राहिला. त्याच्या चार बाजूंवर चार लिपी : इब्री, अरबी, इंग्रजी आणि प्राचीन मिसरची चित्रलिपी. जिथे फौज अडली, तिथे तिच्या मेलेल्या पोरांसाठी जागा ठेवणे हे आम्हाला मोठेपणाचे वाटते. आणि सांगायचे तर तेही सांगावे, की त्या ऑक्टोबरच्या धामधुमीत इस्दूद गावचे अरब रहिवासीही गेले आणि परतले नाहीत. आपण राहतो ते अश्दोद शहर १९५६ मध्ये वाळूच्या टेकड्यांवर वसले. लढाईची हकीकत पुरी सांगायची म्हणजे सर्वांची नोंद ठेवायची.

'अद हलोम' हे दोन शब्द या ठिकाणाला मिळाले ते अडवण्याच्या अर्थाने : शत्रू इथपर्यंत, पुढे नाही. पण तनाखमध्ये, शमुएलच्या दुसऱ्या ग्रंथात, दावीद राजाच्या प्रार्थनेतही हेच दोन शब्द आहेत. तिथे ते अडवण्याचे नाहीत. आपण कोण, आपले घराणे ते काय, आणि देवाने आपल्याला कुठवर आणले, अशा कृतज्ञतेने राजा ते उच्चारतो.

हंगेरीहून, सफेदहून, दक्षिण आफ्रिकेहून आलेले तरुण त्या संध्याकाळी इथपर्यंत आले. आपणही रेवदंडा, पेण, पनवेल, मुंबई असे करत इथपर्यंत आलो. कोणाला येताच ओळखले गेले, कोणाला ओळख पटवावी लागली. यापुढे पाहुण्यांना घ्यायला अद हलोमला गेलात, तर गाडी येईपर्यंत मुलांना ही हकीकत सांगा, आणि चार विमानांपाशी थांबू नका. सुरुंगवाले, शेतकरी, मेकॅनिक, तुरुंगात गेलेला विंटर्स आणि पाण्यात उभा राहून 'शाब्बेस' ओरडणारा रुबेनफेल्ड, सगळ्यांना त्यात घ्या. जे परतले नाहीत त्यांच्या स्मृती आशीर्वादरूप असोत. आमेन.